गोष्टीतल्या बाईचं नाव काय ठेवायचं?



बैठकीत हिशेब आटोपला, हप्ते जमा झाले, रजिस्टर मिटलं, की आपल्यातल्या कुणाला तरी हुरूप येतो. "यंदा महिला दिनाला नाटुकलं बसवू." "रेडिओसाठी एक गोष्ट लिहू." विषय शोधावा लागत नाही. दारू आहे, हुंडा आहे, कच्च्या वयातलं लग्न आहे, सावकाराचं व्याज आहे. वही उघडायची आणि पहिली ओळ लिहायची, "एका गावात एक बाई राहत होती." मग दुसरी ओळ. तिचं नाव काय? इथं आपण थांबत नाही. तोंडात येईल ते नाव लिहून मोकळ्या होतो.

आज आम्ही या नावाबद्दलच बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खं भाषण कशाला? त्याचं कारण आधी सांगतो.

काही वर्षांमागे आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्ही दारूवर नाटुकलं लिहिलं. दोन संध्याकाळींत घाईघाईनं लिहिलं. नवरा पितो, बाई मजुरीला जाते, गटातून शेळीसाठी कर्ज घेते आणि नवरा तेच पैसे उडवतो, अशी गोष्ट. बाईला आम्ही एक नाव दिलं. ते नाव आम्ही इथंही घेणार नाही. नाटुकलं छान झालं, टाळ्या पडल्या, सरपंचांनी कौतुक केलं. पुढच्या बैठकीला आमच्या गटातल्या एक काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. बचतीचे पैसे पोरीच्या हातून पाठवले. आम्ही घरी गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "ताई, माह्यं नाव कायले घेतलं तुमी? टोल्यातले पोट्टे मले पाहून तुमच्या नाटकातलं बोलून राह्यले."

आम्ही म्हणालो, "काकू, तुमच्यावर नाही लिहिलं हो. नाव आपलं सहज आलं."

पण घरी परतताना आम्हालाच ते पटेना. त्या नावाची आमच्या गटात ती एकटीच बाई. तिच्या घरी दारू होती, हे आम्हाला माहीत होतं. शेळीचं कर्जही तिनं घेतलं होतं. नाव सहज आलं नव्हतं. तिचंच दुःख आमच्या डोक्यात होतं, म्हणून तिचंच नाव पेनातून उतरलं. चार महिने त्या बैठकीला आल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही नावाचा विचार आधी करतो आणि गोष्ट नंतर लिहितो.

नाव काय काय सांगतं

आपल्याकडे नुसतं नाव कानावर पडलं तरी ऐकणारीला निम्मी माणूस दिसते. 'सखुबाई' म्हटलं की नऊवारीतली म्हातारी दिसते. 'सुनीता', 'संगीता', 'वंदना' म्हटलं की आपल्या वयाची किंवा थोडी मोठी बाई दिसते. 'साक्षी', 'पायल', 'स्नेहल' म्हटलं की कॉलेजात जाणारी पोरगी दिसते. 'आरोही' किंवा 'अन्वी' म्हटलं की अंगणवाडीतलं लेकरू दिसतं. पुरुषांचंही असंच आहे. शेषराव, मारोतराव, नामदेव हे आजोबा. दिलीप, सुधाकर, संजय हे बाप. आदित्य, प्रणय हे लेक.

म्हणून पहिला नियम असा की पात्राचं वय काढा, त्यावरून जन्माचं साल काढा आणि त्या काळात आपल्या गावात कोणती नावं ठेवत होते ते पाहा. सत्तर वर्षांच्या आजीचं नाव 'अन्वी' ठेवलं तर लोक हसतात. दहावीतल्या पोरीचं नाव 'ठकुबाई' ठेवलं, तर ती आजची वाटतच नाही. कधीकधी मुद्दाम उलटं करता येतं. नातीला आजीचं नाव ठेवलेलं असतं, ते तिला आवडत नाही, शाळेत पोरं चिडवतात. मग ती एक गोष्टच झाली. पण मग ते गोष्टीत सांगावं लागतं, तसंच सोडून चालत नाही.

दुसरं, नाव मुलूख सांगतं. आपल्या विदर्भातलं मोठं उदाहरण घ्या. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. वऱ्हाडातल्या एका गरीब शिंपी कुटुंबाची ती कहाणी. त्यातली बाई संसार ओढून ओढून थकते, पण सोडत नाही. तिचं नाव कौतिक. पुस्तकी भाषेत हा शब्द 'कौतुक' असा आहे. लेखकानं 'कौतुक' लिहिलं नाही, गावात म्हणतात तसं 'कौतिक' लिहिलं. त्या एका वेलांटीनं बाई आपल्या मुलखातली झाली. आणि जिच्या वाट्याला कौतुक फारसं आलंच नाही, तिचं नाव कौतिक. लेखक हे कुठं समजावून सांगत बसत नाही. नाव ठेवतो आणि पुढं जातो. आपणही तसंच करावं. आपल्याकडे 'मारुती'ला 'मारोती' म्हणतात, 'पार्वती'ला 'पारबता' म्हणतात, तर गोष्टीत तसंच लिहावं. रेडिओवर तर तसंच बोलावं.

तिसरं, नावात आईबापाची आशा नाहीतर भीती असते. जुन्या माणसांत दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी अशी नावं सापडतात. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून या लेकराला दृष्ट लागू नये, काळानं त्याला फालतू समजून सोडून द्यावं, म्हणून असं नाव ठेवत. वरून हलकं दिसणारं ते नाव खरं तर मायेनं ठेवलेलं असे. तुमच्या गोष्टीत एखादे दगडूजी असतील, तर त्यांच्या आईचं दुःख त्या नावातच आहे.

पण सगळीच हलकी नावं मायेची नसतात. सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींचं नाव 'नकुशी' होतं. म्हणजे नको असलेली. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नकुशी. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारलं जायचं. २०११ च्या ऑक्टोबरात तिथल्या जिल्हा प्रशासनानं कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवीन नावं दिली. नाव बदलल्यानं सगळं बदलतं असं नाही. पण रोज 'नको, नको' ऐकणं तरी थांबतं. एका नावात केवढं भरलेलं असतं, ते यावरून कळतं. म्हणून गोष्टीतल्या मुलीला असं नाव देताना आपण ते का देतो आहोत, हे आपल्याला ठाऊक पाहिजे. नुसतं हसू यावं म्हणून देऊ नये.

आणि आपल्या नागपुरात तर नावांचा इतिहासच घडला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून लेकरांची नावं पालटली. गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा. आजोबांच्या पिढीत दगडू-कचरू आणि नातवाच्या पिढीत सिद्धार्थ, हे एकाच घरात दिसतं. तीन पिढ्यांची नावं नुसती एकाखाली एक लिहिली तरी त्या घराची वाटचाल कळते. तुमच्या गोष्टीत असं घर असेल तर नावं त्याप्रमाणेच ठेवा.

नाव एक, हाक दुसरी

आता बायकांची खरी गंमत. गंमत म्हणतो, पण ती दुखरी आहे. आपल्याकडे बाईला नाव असतं, पण हाक दुसरीच असते. माहेरी एक नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं. सासरी जाऊ म्हणते 'काटोलवाली', कारण माहेर काटोलचं. लेकरू झालं की 'राजूची माय'. दीर म्हणतो 'वहिनी'. नातू झाला की 'बुढी'. आमच्या एका गटात रजिस्टर भरताना एका बाईला आम्ही नाव विचारलं, तर तिनं आधी पोराचं नाव सांगितलं. मग थोडं थांबून, लाजून, स्वतःचं नाव सांगितलं. बाजूची म्हणाली, "अवो, दहा वर्सं झाले शेजारी राहतो, मले आज ठाऊक झालं इचं नाव!"

महेश एलकुंचवार आपल्या विदर्भातले, नागपूरचे नाटककार. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात धरणगावच्या देशपांड्यांचा पडका वाडा आहे. त्या वाड्यातल्या पुरुषांना नावं आहेत, भास्कर, सुधीर, चंदू. पण घर सांभाळणारी थोरली सून नाटकभर 'वहिनी' आहे. सासू 'आई' आहे, आजेसासू 'दादी' आहे. खऱ्या घरात असंच असतं, म्हणून ते खरं वाटतं. पाहणारीच्या मनात मात्र प्रश्न उरतो की या वहिनीचं स्वतःचं नाव काय असेल.

म्हणून आपल्या पात्राचं नाव ठेवताना दोन ओळी लिहा. एका ओळीत तिचं नाव. दुसऱ्या ओळीत तिला कोण काय म्हणतं. सासू काय म्हणते, नवरा काय म्हणतो, गटात काय म्हणतात, बँकेत काय पुकारतात. ही यादी झाली की अर्धी गोष्ट हाती येते. नवरा आयुष्यभर 'अवं, ऐकते का' एवढंच म्हणत आला असेल आणि एके दिवशी त्यानं नावानं हाक मारली, तर ऐकणाऱ्या बाया त्या जागी गप्प होतात. आम्ही हे पाहिलं आहे.

दोन नावांचा घोळ तर आपल्याला बँकेतही भोवतो. आधारवर एक, सातबारावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. कर्ज अडतं, अनुदान अडतं. हा गोष्टीचा चांगला विषय आहे. आणि नव्या काळातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता आधी लेकराचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. तुमच्या गोष्टीत आजचं बाळ असेल आणि त्याचं पूर्ण नाव घ्यायची वेळ आली, तर त्यात त्याची मायही आली पाहिजे.

कानाला वेगळं वाटलं पाहिजे

पुस्तकात वाचणारी मागचं पान उलटून पाहू शकते. रेडिओवर तसं नाही. ऐकणारी भाकरी थापत ऐकते, मध्येच लेकरू रडतं, मध्येच फोन येतो. तिला चेहरे दिसत नाहीत. तिच्यापाशी फक्त आवाज आणि नाव असतं. म्हणून सुनीता, अनिता, सविता आणि कविता अशा चौघी एका गोष्टीत घेऊ नका. लिहिताना आपल्याला चौघी वेगळ्या दिसतात, ऐकताना सगळ्या 'ता' होतात. आम्ही एकदा सासूचं नाव शांता आणि सुनेचं नाव कांता ठेवलं होतं. ऐकणाऱ्या बायांनी विचारलं, "शेवटी विहिरीवर गेली ते सासू का सून?"

मग कसं करायचं? एक नाव दोन अक्षरी, दुसरं चार अक्षरी. एक 'म'नं सुरू होणारं, दुसरं 'द'नं. एकीला नाव, दुसरीला नात्याची हाक. उदाहरणार्थ सासू 'द्वारकाबाई', सून 'माया', नणंद 'आक्का'. तिघी लगेच वेगळ्या ओळखू येतात. जोडाक्षरांचं अवघड नाव असेल तर ते बोलून पाहा. वाचणारी अडखळली की ऐकणारीही अडखळते.

आकाशवाणी मुंबईवर 'प्रपंच' नावाचा कार्यक्रम फार गाजला होता. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना टेकाडे भावजी आणि मीनावहिनी अजून आठवतात. प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू या कलाकारांचे ते आवाज. नावं पाहा किती सोपी आहेत. 'मीना' मऊ, छोटं. 'टेकाडे' खणखणीत, लांबून ओळखू येणारं. आणि दोघांच्या पुढं नातं लावलेलं, भावजी आणि वहिनी. नातं लावल्याबरोबर ते ऐकणाऱ्या प्रत्येक घराचे झाले. चि. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तसेच. नावं ऐकल्याबरोबर कोण भित्रा आणि कोण दांडगा ते कळतं. मात्र विनोदी गोष्टीतच असं उघड नाव शोभतं. गंभीर गोष्टीत दुष्ट माणसाचं नाव 'दुर्जनराव' ठेवलं, तर पुढं काय होणार ते ऐकणारीला पहिल्याच मिनिटाला समजतं आणि ती भाकरीकडे वळते. खऱ्या आयुष्यात व्याजानं पिळणाऱ्याचं नाव 'दयाराम' असू शकतं.

नावं आणायची कुठून

तोंडात येतात ती नावं बहुतेक टीव्हीवरची नाहीतर शेजारची असतात. म्हणून आम्ही एक वही केली आहे. तुम्हीही करा. वहीचे रकाने वयाप्रमाणे पाडा. आजीच्या वयाची, आईच्या वयाची, आपल्या वयाची, लेकीच्या वयाची. मग नावं वेचा. लग्नपत्रिका घरात पडलेल्याच असतात. एका पत्रिकेत आजी-आजोबांपासून 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या लेकरापर्यंत तीन पिढ्यांची नावं मिळतात. मतदार यादीत नाव आणि वय शेजारी शेजारी असतं, त्यामुळे कोणत्या वयाला कोणतं नाव हे लगेच दिसतं. म्हाताऱ्या बायांपाशी बसा आणि विचारा, "तुमच्या मैत्रिणींची नावं काय होती?" कागदात नसलेली नावं तिथं मिळतात आणि नावाबरोबर गोष्टही मिळते.

झाडीपट्टीतल्या बायांना तर आणखी एक जागा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे धान निघालं की दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात. लोक नाटक पाहून येतात आणि दुसऱ्या दिवशी पात्रांची नावं घेऊन बोलतात. कोणतं नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि कोणतं विसरलं, ते ऐकत जा.

पण एक पथ्य पाळा. यादीतून किंवा पत्रिकेतून पूर्ण नाव जसंच्या तसं उचलू नका. नाव एकीकडून, नवऱ्याचं नाव दुसरीकडून, गाव मनचं.

आडनावाचा फास

आडनाव घेताना दहा वेळा विचार करा. आपल्याकडे आडनाव उच्चारलं की ऐकणारा मनात जात मोजतो. मडावी, आत्राम, उईके म्हटलं की गोंड घर समजतात. रामटेके, मेश्राम म्हटलं की लोक आपापला अंदाज बांधतात. मग गोष्टीतला दारुडा, चोर किंवा सावकार कोणत्या आडनावाचा आहे, यावर अख्खी वस्ती दुखावते. ज्या गोष्टीला आडनावाची गरज नाही, तिथं ते देऊच नका. 'नामदेवभाऊ' पुरतं.

गरज असेल तेव्हा मात्र लपवूही नका. जमिनीच्या पट्ट्यासाठी भांडणाऱ्या गोंड बाईची गोष्ट असेल, तर तिचं आडनाव झाकणं म्हणजे तिलाच झाकणं. आपण एवढंच पाहायचं की एका समाजाची नावं फक्त वाईट कामांना किंवा फक्त गरिबीला वापरली जाऊ नयेत. आमच्या गटातल्या एका मुस्लिम मैत्रिणीनं एकदा विचारलं, "दीदी, तुमच्या नाटकात आमच्यातली बाई आली की ती ईदचा शिरखुर्मा घेऊनच का येते? ती कधी कर्जाचा हप्ता भरायला येत नाही का?" आम्ही वही काढून जुनी नाटुकली पाहिली. तिचं म्हणणं खरं होतं. पुढच्या नाटुकल्यात हिशेब तपासणारी अध्यक्ष 'शबाना' झाली आणि शिरखुर्मा कुणीच आणला नाही.

खरी घटना असेल तर

आपल्या बहुतेक गोष्टी खऱ्या घटनांवरच्या असतात. तिथं नाव बदलणं हे आपलं कर्तव्य आहे. काही ठिकाणी तर तो कायदा आहे. बलात्कार आणि तशा अत्याचाराची घटना असेल, तर पीडित बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट छापता किंवा प्रसिद्ध करता येत नाही. मोजके अपवाद सोडले तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ हेच सांगतं आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पीडित लहान मुलगी किंवा मुलगा असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. त्यात नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, सगळं झाकायला सांगितलं आहे.

यातून आम्ही एक धडा घेतला. नुसतं नाव बदलून माणूस झाकत नाही. नाव बदललं, पण 'तीन पोरी, नवरा ट्रॅक्टरवर, घर टाकीजवळ' असं लिहिलं, तर गावाला कळायचं ते कळतंच. म्हणून नावाबरोबर खुणा बदला. पोरी तीन असतील तर दोन करा. ट्रॅक्टर असेल तर वीटभट्टी करा. टाकी असेल तर नाला करा. दुःख तेच ठेवा.

कुणी म्हणेल, एवढं बदललं तर खरेपणा काय उरला? साने गुरुजींचं बघा. त्यांचं नाव पांडुरंग. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. आठवणी आपल्या घरच्याच, पण सांगणाऱ्याचं नाव ठेवलं श्याम. पांडुरंगाचा श्याम झाला म्हणून त्या माउलीचा एक शब्दही खोटा झाला नाही. उलट ती सगळ्यांची आई झाली.

काकूंनी ठेवलेलं नाव

आता आमच्या काकूंकडे परत येऊ. चार महिन्यांत आम्ही तीनदा त्यांच्या घरी गेलो. सबब सांगणं सोडलं. सरळ म्हणालो, "काकू, चुकलं आमचं. तुमचं दुःख तुम्हाला न विचारता आम्ही चव्हाट्यावर मांडलं." त्या काही बोलल्या नाहीत, पण चहा ठेवला. पुढं तेच नाटुकलं रेडिओसाठी करायचं ठरलं, तेव्हा आम्ही कागद घेऊन त्यांच्याकडेच गेलो. म्हणालो, "तुम्ही नको म्हणाल तर करत नाही. करू म्हणाल तर बाईचं नाव तुम्हीच ठेवा."

आम्हाला वाटलं, त्या नाहीच म्हणतील. त्यांनी सगळं वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "नवऱ्याले नाव देऊ नका. 'तो' म्हना. पन बाईले चांगलं नाव ठेवा. मार खाते म्हनून नावबी रडकं कायले?" आणि त्यांनी नाव सुचवलं, चंद्रकला.

आम्ही गटांच्या याद्या पाहिल्या. तीन चंद्रकला निघाल्या. आता काय? बसून विचार केला. नाव अगदी दुर्मिळ असलं की सगळ्यांची बोटं एकाच घराकडे जातात. तीन-चार जणींचं असलं की बोट कुणा एकीवर थांबत नाही. मग तिन्ही चंद्रकलांच्या घरची परिस्थिती पाहिली. कुणाच्याही घराशी गोष्ट जुळत नव्हती. तरी तिघींना आधी सांगितलं, "तुमच्या नावाची बाई गोष्टीत आहे, शेवटी ती जिंकते." एक म्हणाली, "मंग त माह्यंच नाव ठेवा!" शेळीच्या जागी शिलाई मशीन केली, टोल्याच्या जागी मोठं गाव केलं आणि गोष्ट रेडिओवर गेली. काकू त्या दिवशी बैठकीत आमच्या शेजारी बसून ऐकत होत्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "चंद्रकला बरी बोलली."

आता आमच्या प्रत्येक गोष्टीची नावं आधी काकूंच्या कानावर जातात. त्यांना लिहिता येत नाही, पण नाव ऐकलं की त्या सांगतात, "हे नाव अमक्या टोल्यात आहे, इचा नवराबी असाच आहे, बदला." एवढी चांगली तपासणी दुसरं कुणी करणार नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे करून पाहा. एक पात्र घ्या आणि सगळ्यांनी मिळून सहा प्रश्न विचारा. तिचं वय किती आणि त्या वयाला हे नाव शोभतं का? आपल्या मुलखात हे नाव असंच बोलतात का? तिला कोण काय म्हणून हाक मारतं? दुसऱ्या पात्रांपेक्षा ते कानाला वेगळं वाटतं का? त्या नावानं एखाद्या जातीला किंवा धर्माला उगाच बोल लागतो का? आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न. आपल्या गावात या नावाची, असंच दुःख असलेली बाई आहे का? असेल तर नाव बदला, खुणा बदला आणि जमलं तर तिलाच जाऊन विचारा.

आणि हो, बैठक सुरू करण्याआधी एक फेरी घ्या. प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव सांगायचं आणि ते कुणी ठेवलं तेही सांगायचं. आमच्याकडे या फेरीला पाऊण तास लागला. कर्जाचा हिशेब त्या दिवशी उशिरा झाला, पण त्या दिवसापासून आमच्या गटात 'राजूची माय' कुणी कुणाला म्हणत नाही.

येतो आम्ही. नमस्कार.